नावाड्याचा डावा डोळा

नवी पोरगी कामावर आली त्याला चार महिने झाले होते, आणि शाईदादाच्या पोटात दुखायला लागलं त्यालाही चारच.

अकरा वर्षं तो मास्तरांच्या चित्रकथेत काळं भरत होता. दर आठवड्याला वीस पानं, त्यात नवनवे राक्षस आणि त्यांच्याशी लढणारा पंधरा वर्षांचा तलवारबाज पोरगा. मास्तर पेन्सिलीने जिथे फुली मारतील तिथे शाईदादाने ब्रशने काळं भरायचं. पोराचे केस, राक्षसाचा झगा, रात्रीचं आभाळ. आभाळं सगळी त्याची, पण राक्षसाचा एक चेहरा काही वाट्याला आला नव्हता. नवीला तो चौथ्या महिन्यात मिळाला. आम्ही जन्मभर काळं फासायचं आणि हिने आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या!

मास्तरांच्या गोष्टीत प्रत्येक राक्षस मरताना क्षणभर पुन्हा माणूस व्हायचा. त्याला आपलं घर आठवायचं आणि वाचक त्याच्यासाठी रडायचे. या वेळचा राक्षस पूर्वी नावाडी होता. पुरात त्याने सगळं गाव पार नेलं आणि गाव त्यालाच मागे विसरलं. नवीने त्याचे दोन्ही डोळे असे भरून आणले होते, की शाईदादाची नजर पानावरून हलेना. त्याचा त्याला जास्तच राग आला. शेवटच्या लढाईतला महाराक्षस कोणी काढायचा, हे मास्तर याच पानावरून ठरवणार होते.

दुपारी सगळे जेवायला गेले. शाईदादाने डाव्या डोळ्यावर बारीकशी फुली मारली आणि ब्रशने तो डोळा काळाठिक्कर करून टाकला. कोणी विचारलंच तर उत्तर तयार होतं: फुली होती, भरली.

तीन वाजता मास्तरांनी पान हातभर लांब धरलं.

"हा डोळा काळा कोणी केला?"

"फुली..." शाईदादाने सुरुवात केली.

मास्तरांचं लक्षच नव्हतं. "एक डोळा रडतोय आणि दुसऱ्याने अजून माफ केलेलं नाही. हाच आपला नावाडी! डोकं कोणाचं?"

नवीने पान पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. गप्प राहून शाबासकी खिशात घालता आली असती.

"माझं नाही," ती म्हणाली. "मी दोन्ही डोळे रडवले होते. शाईदादांचं असणार."

"वा रे पठ्ठ्या!" मास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "अकरा वर्षं कुठे लपवली होतीस ही अक्कल? जा, महाराक्षस तुझा!"

अकरा वर्षं हवा होता तो घास तोंडात आला, आणि गिळवेना. पोरगी भांडली असती तर त्यानेही चार शब्द सुनावले असते. पण ती इतकं सरळ बोलली, की त्याला स्वतःची लाज वाटली.

"अक्कल कसली, मास्तर. जळत होतो तिच्यावर. पान बिघडवायचं होतं."

मास्तर चष्मा काढून पुसत बसले. नवीने पान उचलून खिडकीशी नेलं आणि बराच वेळ पाहिलं.

"बिघडवायचंच होतं, तर उजवा का सोडलात?"

शाईदादाने खाली बघतच उत्तर दिलं.

"ब्रश नेला होता गं तिथेही. टेकवला नाही. फार चांगला जमलाय तो."