ठणठणीतचा बंदोबस्त

थोरलीचा सूड पूर्ण झाला, केबलवाल्याचे दंड भरून आले आणि घरातलं इंटरनेट सुरळीत झालं. बरं, यातलं अजून काहीही झालेलं नाही. आम्ही बोललो नाही, तुम्ही ऐकलं नाही.

झालं होतं ते एवढंच की थोरली मोडेमसमोर मांडी ठोकून बसली होती आणि मोडेमवरचा हिरवा दिवा तिच्या डोळ्यांदेखत लाल होत होता.

थोरली घरबसल्या दुभाष्याचं काम करायची. डॉक्टर एका भाषेत, पेशंट दुसऱ्या भाषेत आणि मधे पडद्यावर थोरली. नोकरी नवी होती, अजून कच्ची. दोनदा बोलणं अर्ध्यात तुटलं होतं. दुसऱ्यांदा तर डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, पण", थोरलीने तेवढं सांगितलं आणि लाइन गेली. पेशंट अख्खी दुपार त्या 'पण'ला लोंबकळत राहिला. ऑफिसने कळवलं, तिसऱ्यांदा तुटलं की नोकरी संपली.

तिने सगळे उपाय केले. मोडेम बंद करून तीस आकडे मोजले. कस्टमर केअरच्या बाई म्हणाल्या म्हणून साठ मोजले. टीव्हीकडे फाटा काढणारी डबी मधून उडवली. घरातली वायर बदलली. मोडेम कपाटावर ठेवला, मग जमिनीवर, मग रागारागाने फ्रीजवर. नेट जायच्या वेळा वहीत टिपल्या. मंगळवार, गुरुवार, रविवार; पावणेअकराला जायचं, तीनला आपसूक यायचं.

आणि चारला यायचा केबलवाला. दिवा बघायचा, पोटावरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "ताई, सगळं ठणठणीत आहे." पाच वेळा आला, पाच वेळा हेच. घरात त्याचं नावच ठणठणीत पडलं. सहाव्या वेळी तो म्हणाला, "तुमच्या मनाचा खेळ असेल." थोरलीने दात-ओठ खाल्ले नाहीत. तिने त्याला चहा दिला. आईने घाईघाईने देवाला हात जोडले, कारण थोरली आपणहून चहा देते म्हणजे समोरच्याचं काही खरं नसतं.

गुरुवारी सकाळी दहाला तिने त्याला बोलावून घेतलं. शेजारच्या तिघांना नवीन कनेक्शन हवंय, तेही तुमच्याच हातून. तो भांग पाडून आला. दाराबाहेर बूट काढून आत बसला. थोरलीने बूट उचलले आणि वॉशिंग मशीनमध्ये चादरींच्या खाली दडपले. आता पावणेअकरापर्यंत बेटा हलत नाही.

"शेजारी कुठंयत, ताई?"

"आंघोळीला गेलेत."

"तिघंही?"

"आपापल्या घरी हो."

दहा पस्तीसला दिवा लाल झाला. नेहमीपेक्षा दहा मिनिटं आधीच.

"बघा!" थोरली ओरडली. "माझ्या मनाचा खेळ कसा लालबुंद दिसतोय बघा!"

ठणठणीतचं तोंड एवढंसं झालं. मग आयुष्यात पहिल्यांदाच तो वायरीच्या मागे मागे निघाला. भिंतीवरून, खिडकीतून, थेट गॅलरीत. समोरच्या इमारतीतून येणाऱ्या केबलवर आई ओल्या चादरी वाळत घालत होती. चादरींच्या शेजारी नाड्या बांधून लटकवलेले दोन बूट निथळत होते. ओझ्याने केबलची झोळी झाली होती आणि भिंतीजवळचा जोड निम्मा बाहेर आला होता.

"आई, अगं ही केबल आहे!"

"मग? कशी ताठ आहे! मंगळ, गुरु, रवी तीनपर्यंत माझ्या चादरी असतात. आणि काय गं बये, चादरींत बूट टाकतात होय?"

"ते माझे आहेत," ठणठणीत म्हणाला.

"अरे बाळा, किती मळवले होतेस. आता बघ."

अकराला पाच मिनिटं होती. अकराला डॉक्टर, पेशंट आणि तुटलं तर घरी बसणं. ठणठणीतने जोड दाबून बसवला आणि बूट-चादरींसकट केबल खांद्यावर उचलून धरली. दिवा हिरवा झाला.

"काढा हे कपडे पटकन, ताई."

आई पुढे सरकली. थोरलीने तिचा हात धरला. सहा चकरा आणि सहा चकरांतली ती ढेरी तिच्या डोळ्यांपुढून गेली.

"राहू दे आई. ओलं परत बादलीत टाकलं की वास मारतं."

"ते मात्र खरं," आई म्हणाली.

"मी सोडून देईन हां!"

"सोडा की. सहा वेळा येऊन एकदाही गॅलरीत डोकावला नाहीत, हे तुमच्या साहेबांना आत्ता कळवते."

त्याने केबल आणखी चार बोटं वर धरली.

"ताई, पाणी पाठीत जातंय!"

"मनाचा खेळ असेल," म्हणत थोरली आत गेली आणि तिने दार ओढून घेतलं.

कॉल पन्नास मिनिटं चालला. मधे एक शिंक ऐकू आली, तिचं तिने भाषांतर केलं नाही. लाइन एकदाही तुटली नाही.

दुपारी तिने कंपनीला अर्ज धाडला:

"महोदय, आपल्या कर्मचाऱ्याच्या उंचीमुळे आमच्या जोडणीत समाधानकारक सुधारणा झाली आहे. तरी सदर कर्मचाऱ्याची आमच्या गॅलरीत कायमस्वरूपी बदली करण्यात यावी. कामाचे दिवस मंगळवार, गुरुवार व रविवार. वेळ सकाळी साडेदहापासून चादरी वाळेपर्यंत. ढगाळ हवामानात मुदतवाढ मिळावी, ही नम्र विनंती."