खळीच्या टेबलाजवळचं लंगडं स्टूल

मी एक जुनं, लंगडं स्टूल आहे. हसू नका, मित्रांनो! चार पायांपैकी एक बोटभर आखूड, एवढाच काय तो माझा दोष. पुस्तकं बांधायच्या एका कारखान्यात मी राहतो. सुतारानं मला बनवलं तेव्हा माझे चारही पाय सारखे होते. पण मोठे मालक वरच्या फळीवरचे पुठ्ठे काढायला माझ्यावर चढायचे आणि काम झालं की मला पायानं ढकलून द्यायचे. त्यात एक पाय झिजला.

मालक स्वतः उंच खुर्चीत बसत. तिथून हुकूम सुटायचा आणि खाली आठ माना हलायच्या. त्या हलणाऱ्या मानांच्या आत काय चाललं असेल, याचं मला भारी कुतूहल वाटायचं.

मालक थकल्यावर त्यांची लेक कारभार बघू लागली. तिला सगळे ताई म्हणतात. पहिल्याच दिवशी ताईंनी ती खुर्ची कोपऱ्यात सारली आणि मला उचललं. "मी प्रत्येकाजवळ येऊन बसणार," त्या म्हणाल्या. "मनात असेल ते बिनधास्त सांगायचं." मी तर हरखूनच गेलो!

पण बसणाऱ्याचं मन मला त्याच्या वजनावरून कळतं, बरं का. खरंच ऐकणारा माणूस सगळा भार माझ्यावर सोडून निवांत बसतो. ज्याला स्वतः बोलायची घाई असते तो पुढे सरकतो. तो पुढे सरकला की माझा आखूड पाय फरशीवर आपटतो, टक्! ताई बसल्या की माझी दिवसभर टकटक चालायची.

खळीच्या टेबलावर काका काम करायचे. तीस वर्षं पुस्तकांच्या पाठीला पानं चिकटवायची खळ लावणारा माणूस. बोलणं मात्र फार सावकाश. एक शब्द बोलायचे, थांबायचे, मग दुसरा.

एकदा ते म्हणाले, "ताई, खळ... वरून..."

टक्!

"वरून पातळ होतेय ना? मग घट्ट करा की, काका!" असं म्हणून ताई उठल्यासुद्धा. काकांनी मान हलवली. अगदी जुन्या मालकांसमोर हलवायचे तशीच.

त्यानंतर पंधरा दिवसांनी वाचनालयाच्या बाई तावातावानं आल्या. नवी बांधलेली पुस्तकं उघडताच पानं सुटून हातात येत होती. "शनिवारपर्यंत नीट करून द्या, नाहीतर आमचं काम दुसरीकडे जाईल," असं बजावून त्या गेल्या. हे काम गेलं असतं तर कारखाना बंदच पडला असता. ताईंचा चेहरा उतरला. त्या काकांना म्हणाल्या, "उद्यापासून खळीला दुसरं कुणीतरी बसेल. तुम्ही पुठ्ठे मोजा." काकांनी ब्रश धुऊन ठेवला. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात सुईमावशी उसळल्या. त्या शिलाई करतात आणि बोलतातही टोचून, म्हणून हे नाव. "ताई, रागावणार असाल तर रागवा. पण स्टूल वाजलं की काका गप्प होतात, हे अख्ख्या कारखान्याला ठाऊक आहे. एकदा ते न वाजवता बसून बघा ना!"

ताई ओशाळल्या. पण उठून गेल्या नाहीत. काकांसमोर मला ठेवून त्या बसल्या आणि हळूहळू त्यांनी सगळा भार माझ्यावर सोडला. "सांगा, काका."

"खळ... वरून सुकते." काका थांबले. मी श्वास रोखून धरला. ताईंच्या पायांत हालचाल झाली, पण त्या सरकल्या नाहीत. "आतून ओलीच राहते. खिडकी... बंद असते ना. वारा नको का तिला?"

खिडकी ताईंनीच बंद करायला लावली होती, कागद उडतात म्हणून! त्या म्हणाल्या, "अरे देवा! चूक माझी, आणि ब्रश तुमच्या हातातून काढून घेत होते मी." मग खिडकी उघडली. कागद उडू नयेत म्हणून काय करायचं, हे त्यांनी सगळ्यांना विचारलं आणि सुईमावशींनी सुचवल्याप्रमाणे टेबलं फिरवली. ब्रश काकांच्याच हातात राहिला आणि सगळी पुस्तकं पुन्हा खळ लावून वाऱ्यावर वाळवली. शनिवारी बाईंनी दहा पुस्तकं ताणून बघितली. एकही पान सुटलं नाही.

परवा मला दुरुस्त करायला सुतार आला. "बाकीचे तीन पाय कापून सारखे करतो," तो म्हणाला.

"कापू नका!" काका ओरडले. "त्या स्टुलामुळे... मला..."

ते थांबले. सगळे थांबले. मला वाटलं, आता म्हणणार, त्या स्टुलामुळे मला न्याय मिळाला. माझी छाती फुगली.

"...उठताना आधार मिळतो," काका म्हणाले. "बुटकं केलंत तर धरू कशाला? गुडघे फार दुखतात हो."

मित्रांनो, ते मला धरून उठायचे, पण गुडघ्यांचं दुखणं इतकी वर्षं शेजारी राहून मलासुद्धा ठाऊक नव्हतं! ताईंनी लगेच काकांसाठी हातांची खुर्ची आणवली. माझ्या आखूड पायाखाली पुठ्ठ्याचा जाड तुकडा चिकटवला.

त्यामुळे आता मी वाजून कुणाची घाई दाखवून देत नाही. तेव्हा समोरचा बोलता बोलता थांबला, तर तुमचे तुम्हीच जरा थांबा.