पोटाखालचं काड

मी एक जुनी, बुटकी आणि भित्री गाडी आहे. मित्रांनो, स्पोर्ट्‌स गाडीनं स्वतःला भित्री म्हणावं याचं तुम्हाला हसू येईल. हसून घ्या. सगळं ऐकून झाल्यावरही आलं तर मला सांगा.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. दोन माणसं आणि त्यांच्या दोन बॅगा घेऊन गुळगुळीत डांबरावरून दिवसभर वेगानं जायचं, एवढ्यासाठी मला घडवलं. अशा गाड्यांना ग्रँड टूरर म्हणतात. इंजिन मोठं आणि पोट जमिनीपासून वीतभरही वर नाही.

तीन मालक करून मी अंबडच्या ओमप्रकाशकडे आले. त्याचं तिथे गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्यानं मला फार जपलं. रविवारी तो आणि त्याची धाकटी बहीण सत्यशीला मला जालन्याच्या रस्त्यावर फिरवून आणत. गतिरोधक आला की सत्यशीला खाली उतरायची, वाकून माझं पोट बघायची आणि हातानं ‘ये, ये’ करायची. लोक थांबून फोटो काढत. मी सुखात होते.

मग रॅली आली. वाटूर ते आष्टी, खेड्यांतल्या रस्त्यांवरून, घड्याळ लावून एकेक गाडी सोडायची. ओमप्रकाशनं माझं नाव दिलं. माझी देखभाल करणारे मिस्त्री रखमाजी आधी हसले, मग चिडले.

“ओमभाऊ, ही सपाट रोडची गाडी हाय. रॅली जीपवाल्यांना करू द्या.”

“काका, बाहेरच्या देशात अशाच गाड्या रॅलीत पळून राह्यल्या. त्यांचा गटच वेगळा असतो.”

“तिथला रोड आन् आपला रोड बराबर हाय का?”

“सगळा डांबरी हाय. मी सोता बघून आल्तो.”

डांबरी होता, हे खरं. पण तो मे महिन्यात बघून आला होता आणि रॅली दसऱ्यानंतर होती.

रखमाजींचं काही चाललं नाही. दगड लागू नयेत म्हणून त्यांनी माझ्या पोटाखाली लोखंडी पत्रा बसवला. सीटना खांद्यांवरून येणारे रुंद पट्टे लावले. त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. माझ्या पोटाखालून धुराची नळी जाते आणि पळताना ती भयंकर तापते. आता नळी आणि पत्रा यांच्यात एक अरुंद फट राहिली होती, समोरून उघडी. ती मला रात्रंदिवस जाणवायची. ओरडता आलं असतं तर ओरडले असते. मी सुरू व्हायला दोनदा नकार दिला, तर ओमप्रकाशनं बॅटरी बदलली.

रॅलीच्या सकाळी आधी सात जीपगाड्या सुटल्या, मग मी. सत्यशीला कागदावरची वळणं वाचून सांगत होती. तिसऱ्या वळणानंतर समोरचा रस्ता पिवळा दिसला.

सोयाबीन पसरलं होतं. आपल्याकडे हे नवं नाही. मळणी यंत्र मिळालं नाही की लोक पीक डांबरावर टाकतात. येणाऱ्याजाणाऱ्या चाकांखाली शेंगा फुटतात आणि दाणे मोकळे होतात. कडेला आसराबाई नावाच्या शेतकरीण बाई उभ्या होत्या. हातातल्या विळ्यानंच त्या ‘वरून जा’ म्हणून खुणावत होत्या. सात जीपगाड्यांनी त्यांचं काम छान केलं होतं.

ओमप्रकाशला थांबता आलं असतं. कडेच्या मातीतूनही जाता आलं असतं. पण तो शेतकऱ्याचा मुलगा. रस्त्यावरचं पीक टाळून जाणं त्याच्या घरी उद्धटपणाचं समजतात. त्याचे वडील तर ट्रॅक्टर मागे घेऊन पुन्हा एकदा फिरवत. त्यानं वेग कमी केला आणि मला सरळ त्यावर घातलं.

फट काडानं, सोयाबीनच्या वाळलेल्या देठांनी भरली. आधी कुरकुर ऐकू आली, मग वास आला. मी आचके देऊन जागीच बंद पडले. भीतीनं की काडानं, ते मला सांगता येणार नाही.

“दादा, खालून धूर येऊन राह्यला,” सत्यशीला म्हणाली.

ओमप्रकाश पट्टा सोडून बाहेर पडला. सत्यशीलाच्या पट्ट्याचा खटका मात्र दबेना. तो धावत तिच्या बाजूला आला, दार उघडलं, दोन्ही हातांनी खटका दाबला. काही होईना. तिच्या पायांखाली मी तापत होते.

“निघंना, दादा,” ती हळूच म्हणाली.

तो हळू आवाज मला अजून ऐकू येतो. मीच तिला धरून ठेवलं होतं आणि मला सोडता येत नव्हतं.

“सरक बाजूला.” आसराबाईंनी ओमप्रकाशला ढकललं, विळा पट्ट्याखाली घातला आणि दोन हिसक्यांत पट्टा कापला. मग खांद्याचा दुसरा. सत्यशीलाला त्यांनी ओढतच शेतात नेलं. मागून आलेल्या जीपवाल्यांनी आग विझवली, तोवर माझं पुढचं अंग आणि त्यांचं निम्मं सोयाबीन जळून गेलं होतं.

“माझंच चुकलं बाई,” आसराबाई सत्यशीलाला पाणी पाजत म्हणाल्या. “आज ह्या रोडनं चाळीस गाड्या जाणार म्हणून ऐकलं. मंग म्हणलं, आपलं बराबर मळून निघंल.”

“तुमचं न्हाई चुकलं, मावशी. ह्या गाडीला इथं आणायलाच नको होतं,” सत्यशीला म्हणाली.



आता मी रखमाजींच्या शेडमध्ये आहे. पत्रा काढलाय, रंग नवा दिलाय. कापलेला पट्टा सत्यशीलानं बदलू दिला नाही.

मित्रांनो, मला पळायची हौस आहे. झाडलेल्या, मोकळ्या डांबरावर शर्यत लावा, मी शेवटपर्यंत पळेन. पण जिथे कुणाचं पीक पडलेलं असतं, तिथे मला नेऊ नका. मला जपायचं तर रोज पुसून भागत नाही, माझं पोट किती खाली आहे हेही लक्षात ठेवावं लागतं.

परवा ओमप्रकाश एकटाच आला. जाताना माझ्या कप्प्यात एक कागद ठेवून गेला. पुढच्या रॅलीचा अर्ज आहे तो. ‘शेजारी बसणाऱ्याचं नाव’ या ओळीत त्यानं सत्यशीलाचं नाव लिहिलंय. तिला अजून माहीत नाही.

मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.