दोघींपुरती गोधडी

मी एक जुनी गोधडी आहे, मित्रांनो. गोधडी म्हटलं की तुम्हाला मऊ लुगडं आठवत असेल, तर ते विसरा. मी जीन्सची आहे. जाड, निळी आणि चिवट. दाभण घेऊन माझ्या वाटेला गेलात तर बोटं रक्ताळल्याशिवाय राहणार नाहीत.

माझा जन्मच मारातून झाला. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्सचे कारखाने आहेत. तिथे नव्याकोऱ्या पँटी दगडांबरोबर ड्रममध्ये घालून गरागरा फिरवतात. कशासाठी? तर जुन्या दिसाव्यात म्हणून. हौस बघा माणसांची! दगड बडवतात, ब्रश खरवडतो, वरून झोंबणारं औषध मारतात. त्या मारात ज्या फाटतात, त्यांच्या चिंध्या होतात. माई तिथे धागे कापायच्या कामाला होती. ती चिंध्या गोळा करायला लागली तेव्हा शेठ म्हणाला, "ले जा माई, कचरा ही तो है." कचरा म्हणे! त्याच कचऱ्यातून माईने मला शिवलं.

सोनिवलीच्या घरात माझ्याखाली दोघी झोपायच्या, माई आणि तिची नात राजसी. राजसी झोपेत वासरासारख्या लाथा झाडायची, तरी दोघींना पुरून मी वीतभर उरायचेच. त्याचा मला भारी गर्व होता.

मग माईचा मुलगा जितेश याने बोटीवरची सहल ठरवली. मोठी बोट, चार दिवस समुद्रात, मध्ये एका बेटावर उतरून जुनं पडकं शहर बघायचं. जितेशची बायको स्वप्नाली बॅग भरायला बसली. मी काही मावेना.

"माई, तिकडे ब्लँकेट देतात हो," ती म्हणाली.

"मना तुझ्या बिलंकिटात झोप नाय लागत."

"मग अर्धी कापू?"

माई हसली. "काप गं. चार रोजांचा तर सवाल हाय."

स्वप्नालीने मोठी कात्री चालवली. जाड शिवणीवर कात्री अडली, तिने दोन्ही हातांनी दाबली. अर्धी मी बॅगेत गेले. उरलेली अर्धी मोरीपुढे पायपुसणं म्हणून पडली. माझा असा संताप झाला होता म्हणून सांगू! पण ऐकतो कोण?

माईच्या माहेरी मिठागरं होती. पाणी ओलांडायचं तर आधी धूप घालायचा, ही त्यांची रीत. म्हणून तिने पिशवीत करवंटी, काथ्या आणि धूप घेतला होता. पण बोटीवर चढताना पांढऱ्या कपड्यातल्या माणसाने काडेपेटी काढून घेतली. माईचं तोंड एवढंसं झालं. तिसऱ्या दिवशी बेटावर उतरल्या उतरल्या तिने धक्क्यावरच्या चहावाल्याकडून काडेपेटी घेतली. दगडावर बसायला म्हणून मला खांद्यावर टाकलं होतंच, त्यामुळे सगळं मी पाहिलं.

शहर दाखवायला अंजनी नावाची मुलगी होती, हातात पिवळा झेंडा. ती सांगत होती, हे हजार वर्षांपूर्वीचं बंदर. शत्रू आले, त्यांनी माणसं कापली, घरं जाळली, मग घण घेऊन देवळातल्या मूर्ती फोडल्या. एका कमानीखाली एक देवी उभी होती. नाक नाही, दोन्ही हात खांद्यापासून तोडलेले.

"आजी, इथे काही पेटवायचं नाही हां," अंजनी म्हणाली. "वर बघा, आग्या मोहोळ आहे."

माईने मान हलवली. सगळे पुढे गेले. माई तिथेच राहिली आणि तिचं बोट धरून राजसी.

"हिला कोनी मारली एवढी!" माई देवीच्या तुटक्या खांद्यावरून हात फिरवत म्हणाली. "हिला अशी एकली टाकून कशी जाव?"

"माई, ती ताई नको बोलली ना?"

"एक चिमूट गं. देवीला धूप घालायला कोन नको म्हनतो?"

काथ्या पेटला. धूर सरळ वर गेला. आधी घरघर ऐकू आली, कारखान्यातला ड्रम सुरू होतो तशी. मग कमान काळी झाली आणि ती सगळी काळी झुंड खाली कोसळली.

माईने राजसीला खाली लोटलं आणि मला तिच्यावर टाकलं. माश्या माझ्यावर तुटून पडल्या. माझ्या जाड कापडात नांग्या मोडत होत्या. मारा म्हटलं, किती मारायचं ते मारा, मी दगडांचा मार खाल्लेली आहे!

आतून राजसी ओरडत होती, "माई, तू पण आत ये!"

माईने एक टोक उचलून डोकं आत घातलं. तशी मी सरकले आणि राजसीचे पाय उघडे पडले. त्या चिमुकल्या पायांवर माश्या बसल्या, पोर किंचाळली. माईने डोकं बाहेर काढलं. मला खाली ओढून ते पाय झाकले, कडा तिच्या अंगाखाली खोचल्या आणि स्वतः माझ्यावर पालथी पडली. मी ताणली गेले, मित्रांनो, जीव खाऊन ताणली गेले. पण नाही पुरले. माझ्या वर माईचं अंग थाडथाड उडत होतं, आणि तिने तोंडातून आवाज काढला नाही, पोर घाबरेल म्हणून.

जितेश आणि अंजनी ताडपत्री घेऊन धावत आले. जितेशचे डोळे सुजून मिटले, तरी त्याने दोघींना ओढून बाहेर काढलं. माईचा चेहरा ओळखू येत नव्हता. स्वप्नाली तिच्या गालातले काटे नखांनी उपटत होती आणि रडत होती.

"पोर?" माईने विचारलं.

"बरी आहे, माई. पायाला थोडं चावलंय."

तो माईचा शेवटचा शब्द होता. आमची बोट संध्याकाळी सुटली तेव्हा आम्ही तिच्यावर नव्हतो, आणि माईही नव्हती.

सोनिवलीला घर माणसांनी भरलं. येणारा जाणारा हातपाय धुऊन मोरीपुढे पाय पुसत होता. स्वप्नालीची नजर त्या पायपुसण्यावर गेली. मग भरल्या घरात तिने ती अर्धी उचलली, धुतली, वाळवली आणि दाभण घेऊन मला जोडायला बसली. तिला सवय नाही. टाके वाकडेतिकडे पडले, बोटांतून रक्त आलं, ती थांबली नाही. मला बोलता आलं असतं तर म्हटलं असतं, बाई गं, मोहोळ काही तू उठवलं नाहीस. पण कात्री तिनेच चालवली होती, हे तिला कोण विसरू देणार?

मित्रांनो, मावत नाही म्हणून घरातलं जुनं काही कापायला घ्याल, तेव्हा आधी एक बघा, त्याच्याखाली कोण कोण झोपतं. एवढंच मागते.

आता मी पुन्हा दोघींपुरती आहे, वीतभर जास्तच. राजसी रोज मला अंगावर घेते. पण आता लाथा झाडत नाही. एका कडेला अंग चोरून झोपते आणि माईची बाजू मोकळी ठेवते.