नंदकुमारचं इंग्रजी दुःख

मिलमध्ये शिफ्ट-इन्चार्जची जागा निघाली, तेव्हा ती नंदकुमारलाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. त्याच्या वरचे रिटायर झाले होते आणि खालचे त्याला घाबरत होते. बढतीला यापेक्षा जास्त काही लागतं, हे तोवर त्या पेपर मिलमध्ये कोणी ऐकलं नव्हतं.

पण मिल आता गुरगावच्या मालकांनी घेतली होती. त्यांना कागदापेक्षा माणसाच्या मनात जास्त रस होता. कागदाचा भाव पडला होता, हेही एक कारण असावं. मुलाखतीत गुरगावच्या मॅडमनी इंग्रजीत विचारलं, "तुम्ही कधी खचून गेला होतात, असा एखादा प्रसंग सांगा." नंदकुमार खुर्चीत ताठ झाला आणि म्हणाला, "नो मॅडम. नेव्हर." पैकीच्या पैकी मिळाले असं समजून त्याने येताना राजपुऱ्यातून मावा जिलेबी घेतली.

जिलेबी संपायच्या आत निकाल आला. उमेदवार कामात उत्तम, परंतु भावनिकदृष्ट्या बंद. दुसरी संधी म्हणून आणखी एक मुलाखत होईल, व्हिडिओवर, उमेदवाराच्या घरून. घरी माणूस मोकळा होतो, असं गुरगावचं मत होतं. त्यांनी नंदकुमारचं राजपुऱ्यातलं घर पाहिलेलं नव्हतं.

"म्हणजे रडायचं का आता?" नंदकुमारची बायको वैजयंती म्हणाली.

"रडना नहीं है मम्मी. एक्स्प्रेस करायचंय," भूमिका म्हणाली. ती त्यांची मुलगी, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. तिने बापाला इंग्रजीत दुःखी करायची जबाबदारी घेतली.

पहिल्या दिवशी तिने 'फीलिंग ब्लू' शिकवलं.

"ब्लू म्हणजे निळा?"

"हो."

"निळा तर आपला कृष्ण. तो कधी तोंड पाडून बसला?"

मग 'डाऊन इन द डम्प्स' झालं. डम्प नंदकुमारला माहीत होता. मिलच्या मागे राखेचा डम्प होता आणि त्याच्या सावलीला लोक डबा खायचे, पत्ते कुटायचे. तिथे खाली गेलेला माणूस तासभर वर येत नसे, पण दुःखामुळे नाही. 'हार्टब्रोकन' म्हणायला तो लाजत होता. या वयात ते एक तर प्रेमातलं वाटतं, नाही तर बायपासचं.

"पप्पा, शब्द आले. अब एक्झाम्पल चाहिए. खरंखुरं."

"बॉयलर बंद पडला होता तेव्हाचं सांगू?"

"बॉयलर नाही हो. मोठे काका गेले तेव्हाचं सांगा ना."

नंदकुमारने चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. मोठा भाऊ मोतीराम कोरोनात इंदूरच्या दवाखान्यात वारला होता. घरी कोणी आलं नाही, येऊच शकत नव्हतं. नंदकुमार तिसऱ्या दिवशी ड्यूटीवर हजर होता.

"ते घरचं आहे," तो म्हणाला. "कंपनीला काय सांगायचं? बॉयलरच राहू दे."

मग रोज संध्याकाळी तो मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पाठ करायला लागला. आय ॲम हार्टब्रोकन. आय हॅव लॉस्ट ऑल होप. आवाज जरा मोठाच होता, कारण मशीनवर काम केलेल्या माणसाला हळू बोलणं म्हणजे काय ते आठवत नाही.

समोरच्या घरात त्याची आत्या, धुरपदाबाई, राहते. तिला इंग्रजी येत नाही, पण नातीच्या मोबाइलला येतं. मोबाइलने ऐकलं आणि हिंदीत सांगितलं: मेरा दिल टूट गया है, मैं सारी उम्मीद खो चुका हूँ.

आत्याच्या हातातली सुपारी तिथेच राहिली. तिच्या घराण्यात दुःख असं तोंडाने कोणी म्हणत नाही. पीक आडवं झालं तरी 'ठीक आहे', सून माहेरी निघून गेली तरी 'ठीक आहे'. पोटातलं ओठावर येतं ते एकाच वेळी, घरातलं कोणी गेलं म्हणजे. आणि कोण गेलं हे समोरच्याला विचारायचं नसतं, तेही फोनवर तर मुळीच नाही. डोक्यावर पदर घ्यायचा, दारावर जाऊन बसायचं. घरचे आपणच सांगतात.

आत्याने नंदकुमारला फोन केला नाही. जसोंडी गावाला, आपल्या भावजयीच्या भावाला, म्हणजे नंदकुमारच्या उखर्डूमामाला केला.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी नंदकुमार प्रेस केलेला शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसला. खाली लुंगी होती, पण ती गुरगावला दिसणार नव्हती. मॅडम दोन साहेबांसह पडद्यावर आल्या. नमस्कार झाला. तेवढ्यात गल्लीत केळीची पिकअप थांबली आणि तिच्यातून पांढऱ्या टोप्या उतरायला लागल्या. मागून बाया उतरल्या, पदर ओढूनच. एकीने पायरीजवळ येताच रडण्याचा सूर धरला.

वैजयंती धावत बाहेर गेली. "मामा, काय झालं? कोण गेलं?"

"ते तुम्ही सांगायचं," उखर्डूमामा म्हणाले. "आम्ही दारावर आलो."

"आमच्याकडे कोणी नाही गेलं."

"मग नंदू काहून दुःख करून राहिला?"

"प्रमोशनसाठी."

मामांनी पिकअपकडे पाहिलं. ड्रायव्हर चहाच्या शोधात निघून गेला होता. सूर धरलेली बाई अर्ध्यावर थांबून कोणाकडे तरी बघत होती.

"दारावर आलेला माणूस तसाच परत जात नसतो, बाई," मामा शेवटी म्हणाले. "अपशकुन होतो, मग मागून खरंच कोणी जातं." त्यांनी चपला काढल्या. "मोतीरामच्या वेळी आम्हाला येता आलं नाही. ते राहून गेलं होतं. तेच समज."

आणि ते आत येऊन सतरंजीवर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली.

"सो, नंदकुमारजी," पडद्यावरच्या मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "टेल अस अबाउट अ टाइम यू फेल्ट रिअली लो."

"कसं झालं रे नंदू?" मागून मामांनी विचारलं.

दोन्ही प्रश्न एकदमच आले. नंदकुमारचे ओठ बॉयलर म्हणायला उघडले होते. समोर भूमिका हाताने खुणा करत होती: स्माइल, पप्पा, स्माइल.

नंदकुमार खुर्चीवरून उठला आणि गुरगावकडे पाठ करून सतरंजीवर बसला.

"काही नाही मामा, साधा ताप होता," तो म्हणाला. "गोळी घेतली, म्हणे बरं वाटतंय. मग दम लागायला लागला. बेड नव्हता इथे, म्हणून इंदूरला नेलं. मला आत जाऊ दिलं नाही. मोबाइलवर म्हणाला, नंदू, तू मिलवर जा, खाडा करू नको. तेच शेवटचं. मग मी गेलो ना मिलवर. काय करणार होतो? घरी बसून कोणाला सांगणार होतो? कोणी आलंच नाही."

"आलो आता," मामा म्हणाले.

बायांनी अर्धवट राहिलेला सूर पुरा केला. नंदकुमार बोलत राहिला. शर्ट चुरगळला, लुंगीही दिसली. लॅपटॉप बंद करायचं भूमिकाच्या लक्षात आलं, तोवर गुरगावच्या तिघांनी सगळं पाहिलं होतं. एका साहेबांनी चष्मा काढून पुसला, असं ती नंतर सांगत होती. नेटवर्कमुळे नक्की सांगता येत नाही.

आठवड्याने फोन आला. जागा स्टोअरच्या महेशला मिळाली. त्याने मुलाखतीत तीन वेळा 'डाऊन इन द डम्प्स' म्हटलं होतं आणि तिन्ही वेळा हसून. नंदकुमारबद्दल मॅडम म्हणाल्या, त्यांच्या भावना फारच सखोल होत्या. फक्त विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरात दिल्या असत्या आणि इंग्रजीत, तर विचार करता आला असता.

धुरपदाबाई संध्याकाळी ओट्यावर सुपारी कातरत होती.

"नाही मिळाली?"

"नाही, आत्या."

"सांगू का उखर्डूला?"

"नको. नोकरीसाठी दारावर येत नसतात."

आत्याने कातरलेली सुपारी त्याच्यापुढे केली. "मग तू इतके दिवस भिंतीला काय सांगत होतास रे?"

नंदकुमारने दोन्ही भाषांत उत्तर शोधून पाहिलं.

"ठीक आहे," तो म्हणाला, आणि आत्याने पुढे केलेली सुपारी घेऊन तिच्याजवळ ओट्यावर बसला.