पंचवीस अँपिअरचा रिले

इलेक्ट्रिशियन सॉलोमनने पॅनलमधून मोटर चालू-बंद करणारा रिले सोडवला आणि मीटरच्या दोन्ही पिना त्याला लावल्या. मीटर पीं करून ओरडला. पुन्हा लावल्या, पुन्हा तेच. रिले जळून आतून चिकटला होता, बंद केला तरी वीज जाऊ देत होता. म्हणजे हिरामणने बंदचं बटण दाबलं होतं. मोटरच थांबली नव्हती.

चार दिवस धाटावच्या त्या कंपनीत एकच टकळी चालली होती: हिरामणने मोटर बंद न करताच माल पुढे ढकलणाऱ्या स्क्रूमध्ये हात घातला, तीन बोटं घालवली, आता भोग म्हणावं. बटण दाबलं होतं, असं तो एकटाच सांगत होता. चूक त्याची ठरली की नोकरीही जाणार होती.

रिले निवडला होता सॉलोमननेच. तीस वर्षं त्याने कॉन्टॅक्टर लावले. खट्कन आवाज आला की मोटर बंद, हे अख्खा प्लांट कानांनी ओळखायचा. हा नवा रिले मुका. बटणावरचा दिवा विझलेला बघून हिरामणने हात घातला, एवढ्या गोंगाटात मोटरची घरघर वेगळी कशी कळणार? मोटर बारा अँपिअरची, म्हणून सॉलोमनने पंचवीसचा घेतला, वर दुप्पट दिल्याची ऐट! सुरू होताना मोटर सहापट करंट ओढते आणि असला रिले जळला की बहुधा चालूच राहतो, हे पुस्तिकेत छापलेलं होतं. पण पुस्तिका वाचेल तो सॉलोमन कसला! साठचा मागवू का, असं स्टोअरच्या प्रणितने विचारलं, तर त्यालाच याने वेड्यात काढलं होतं.

मॅनेजर साईराज दारात आले.

"रिले कसा आहे?"

खरं अगदी जिभेवर आलं होतं, ते त्याने गिळलं. निवृत्तीला सात महिने उरले होते.

"चांगला आहे, साहेब."

रविवारी तो केळी घेऊन अष्टमी गावात हिरामणच्या घरी गेला. शिव्या खायच्या तयारीनेच गेला होता. हिरामणची बायको पुतळी हिने चहा दिला. पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन हिरामण बसला होता.

"भाऊ, रिले तुमीच बघितलाव ना?"

"व्हय."

"चांगला होता?"

सॉलोमनने चहाचा घोट घेतला.

"होता."

 हिरामण पुतळीकडे वळून म्हणाला,

"मंग मीच बटण दाबला नसंल गो. भाऊ खोटा कशाला बोलतील?"