अकरावं कलम

कायदा लागू होऊन आठवडा झाला, तशी चष्मेवाली आपलं चष्म्यांचं दुकान आईवर सोपवून निघाली. चेहरे ओळखणाऱ्या सरकारी यंत्रातून आपला चेहरा पुसून घ्यायला. त्या सकाळी तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

तीन वर्षांपूर्वी बसस्थानकावरच्या कॅमेऱ्याने तिला दागिने पळवणारी बाई ठरवलं होतं. चोर दुसरीच निघाली, पण ते कळेपर्यंत ही दोन दिवस कोठडीत. सुटली, तरी यंत्रातला फोटो तसाच राहिला. त्यानंतर पाच वेळा पोलिसांनी तिला भर रस्त्यात बाजूला घेतलं. एकदा तर दम लागलेल्या आईला दवाखान्याच्या पायरीवर बसवून ती शिपायाला ओळखपत्र दाखवत उभी होती. दुकानात गणवेशातलं गिऱ्हाईक आलं की ती हातातली काच ठेवून आत निघून जायची.

अशात वकीलताई भेटली. सरकारने लोकांचे चेहरे असे टिपू नयेत, म्हणून कायदा व्हावा यासाठी तिने जिवाचं रान केलं होतं.

"विधिमंडळाच्या समितीपुढे तू बोल," ताई म्हणाली. "आकड्यांनी कुणाला पाझर फुटत नाही."

चष्मेवालीला माईक बघूनच घाम फुटायचा. ताईने तिला धीर दिला, बोलायला शिकवलं, आईच्या ऑपरेशनच्या वेळी दिवसभर शेजारी बसली. सख्खी बहीण असती तर आणखी काय केलं असतं? त्या भरवशावरच चष्मेवाली समितीसमोर उभी राहिली. झडतीच्या नावाखाली कोठडीत अंगावरचे कपडे उतरवायला लावले होते. आईपासूनही लपवलेली ती गोष्ट तिने पंधरा अनोळखी माणसांना सांगितली. सदस्यांनी माना खाली घातल्या. दीड महिन्यात कायदा मंजूर झाला.

आणि आता कार्यालयातल्या कारकुनाने तिचा अर्ज वाचून तसाच परत सरकवला.

"हे होणार नाही, बाई."

"अहो, कायदा झालाय ना?"

"झालाय. पण अकरावं कलम बघा. आधी घेतलेले चेहरे यातून वगळलेत. नवे घेता येणार नाहीत, जुने राहणार."

"असं कलम नव्हतंच. मी मसुदा वाचलाय."

कारकून भला माणूस होता. त्याने कपाटातून समितीचं इतिवृत्त काढून तिच्यापुढे धरलं. त्यात जुने चेहरे पुसण्याची मागणी सोडत असल्याचं पत्र, खाली वकीलताईची सही. तारीख चष्मेवालीच्या साक्षीच्या चार दिवस आधीची.

तिने तारीख पुन्हा पुन्हा वाचली. मग तडक ताईचं ऑफिस गाठलं. तिथे अभिनंदनाचे गुच्छ टेबलावर मावत नव्हते.

"अगं, ये ये!"

"अकरावं कलम तुम्ही घातलंत?"

ताईच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. तिने उठून दार लावलं. "ते सोडलं नसतं तर सगळा कायदाच बारगळला असता. यापुढे लाखो लोक सुटले, याचा विचार कर."

"आणि मी?"

"तुझ्यासाठी पुढच्या वर्षी दुरुस्ती आणू. शब्द देते."

"मला आधी का नाही सांगितलंत?"

ताई हळूच म्हणाली, "सांगितलं असतं, तर तू बोलली असतीस?"

"कदाचित बोललेही असते, ताई! माझं झालं ते इतरांचं होऊ नये म्हणून बोलले असते. पण ते मला ठरवू द्यायचंत. तुम्ही माझं रडणं परस्पर वापरलंत."

ताईने हात पुढे केला. चष्मेवालीने तो झिडकारला नाही, धरलाही नाही. "माझी कागदपत्रं द्या," एवढंच म्हणाली आणि फाईल घेऊन जिना उतरली. खालच्या वळणावर मात्र तिला हुंदका आवरेना. कोठडीतसुद्धा ती इतकी रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कार्यालयात गेली. तिच्यासारखेच लोक अर्ज घेऊन रांगेत होते: एक रंगारी, एक निवृत्त मास्तर, कडेवर मूल घेतलेली एक बाई. तिने एकेकाला अकरावं कलम समजावून सांगितलं. कोर्टात जायचं ठरलं. मास्तरांनी विचारलं, "त्या कायदा आणणाऱ्या बाईंना घ्यायचं का सोबत? त्यांना सगळं ठाऊक आहे."

"ठाऊक आहे, म्हणूनच नको," चष्मेवाली म्हणाली आणि कोर्टासाठी लिहिलेल्या अर्जावर पहिली सही केली.